चिलखत घातलेला वीतभर मासा : पोचर, पॉग, ॲलिगेटरफिश वगैरे

कागदी_होडी

गेल्या महिन्यात लेकीला घेऊन एका निसर्ग-संग्रहालयात गेले होते. डायनोसोरचे सांगाडे पाहून झाल्यावर ती नेमकी अशा दालनात जाऊन थांबली जिथे कुणीच थांबत नाही. फळ्यांवर ओळीने काचेच्या बरण्या, आत मद्यार्कात बुडवलेले मासे, रंग उडून सगळे सारखेच तपकिरी झालेले. त्यातल्या एका बरणीला तिने नाक टेकवलं.

आत तेरा-चौदा सेंटीमीटरचं काहीतरी होतं. मला आधी मासा वाटलाच नाही, वाळलेली शेंग वाटली. डोकं रुंद आणि चपटं, आणि अंग शेपटीकडे निमुळतं होत होत अगदी काडीएवढं. अंगाला गोलाई नाही, सरळ लांब कडा. नाकाडावर मागे वळलेले आकडे आणि हनुवटीखाली मिशांची दाट झालर. खवले कुठेच नाहीत, त्यांच्या जागी हाडांच्या चकत्या एकीला एक भिडवून बसवलेल्या. चिठ्ठीवर लिहिलं होतं : अगोनस कॅटाफ्रॅक्टस, उत्तर समुद्र.

लेक (वय ९) म्हणाली, "आई, एवढं जड घालून हा पोहतो कसा? बुडत नाही?"

मी म्हटलं, मासा आहे म्हणजे पोहतोच. तिचं समाधान झालं नाही आणि खरं सांगायचं तर माझंही झालं नाही. घरी येऊन जमेल तेवढं वाचलं, ते इथे टाकते.

या माशांचं कुल अगोनिडी. इंग्रजीत त्यांना पोचर म्हणतात. या बरणीतल्याला हुकनोज किंवा पॉग, आणि काही भाईबंदांना ॲलिगेटरफिश. बहुतेक जाती वीतभर किंवा त्याहून लहान. मुख्य वस्ती उत्तर प्रशांत महासागरात, म्हणजे जपानपासून बेरिंग समुद्र, अलास्का ते कॅलिफोर्निया अशा कमानीत. थोड्या जाती आर्क्टिक आणि उत्तर अटलांटिकमध्ये. पाणी थंड हवं आणि खाली तळ हवा, मग तो वाळूचा असो, चिखलाचा नाहीतर खडकाचा. काही जाती ओहोटीच्या डबक्यात सापडतात, तर काही जाती एक हजार मीटरच्याही खाली. खाणं म्हणजे तळावरचे बारीक कवचधारी जीव आणि किडे.

चिलखत असल्यामुळे मोठे मासे यांच्या वाटेला जात नसावेत आणि हे बिनधास्त पोहत असावेत, असा माझा अंदाज. जाणकारांनी भर घालावी, चुकलं असेल तर कान धरावा.

---

चहाटळ

पोचर म्हणजे चोरून शिकार करणारा ना? चिलखत घालून चोरी करायला निघालेला मासा! आवाज नाही का होत?

---

मोजपट्टी

छान धागा. कॅटाफ्रॅक्ट म्हणजे घोड्यासकट नखशिखान्त चिलखत चढवलेला स्वार. लिनियसने १७५८ मध्ये या माशाला कॉटस कॅटाफ्रॅक्टस असं नाव दिलं. पुढे प्रजाती (म्हणजे नावातला पहिला शब्द) बदलली, स्वार तसाच राहिला.

---

तळशोध

होडीताई, कान धरतो, पण हलकेच. तुमच्या अंदाजातली दोन्ही वाक्यं चुकली आहेत आणि तुमच्या लेकीचा प्रश्न मात्र बरोबर आहे.

मी दोन हंगाम उत्तर समुद्रात एका सर्वेक्षण-बोटीवर होतो. तळावरून ओढलेलं जाळं वर आलं की सगळा माल एका लांब टेबलावर पसरतात आणि आम्ही चार-पाच जण हातमोजे घालून तो निवडत उभे राहतो. तपकिरी कोळंबी, चपटे मासे, खेकडे, तारामासे, चिखल, दगड. त्यात हा पॉग असायचाच. कोळंबीच्या जाळ्यात तो इतका नेमाने येतो की दुसऱ्या दिवसापासून त्याचं कुणाला कौतुक राहत नाही.

पहिल्यांदा तो मला सापडला तो डोळ्यांना नाही, बोटांना. टेबलावरचं बाकी सगळं ओलं, बुळबुळीत, निसटतं. त्या राड्यात मधेच काहीतरी टणक आणि खरखरीत लागलं. मी काडी समजून बाजूला फेकणार होतो. शेजारचा म्हणाला, मोज, मोज, मासा आहे तो. हातात घेतला तर इतर माशांसारखी तडफड नाही. ताठ झाला, कल्ल्यांची झाकणं फुगवली, वक्षपर (कल्ल्यांमागचे दोन पर) पंख्यासारखे फाकवले आणि तसाच राहिला. कानस घ्यावी तसा हात लागतो : डोक्याकडून शेपटीकडे बोट फिरवलं तर चालतं, उलटं फिरवलं की अडकतं. प्रत्येक चकतीला मधोमध एक कंगोरा असतो आणि त्याचं टोक मागे वळलेलं असतं.

हे कंगोरे एकापुढे एक येतात म्हणून अंगावर त्या सरळ कडा दिसतात. बहुतेक जातींत धडावर चकत्यांच्या आठ ओळी असतात. मासा मधोमध कापला तर काप अष्टकोनी दिसतो. शेपटीकडे ओळी एकमेकींत मिसळून सहा उरतात.

आता पोहण्याबद्दल. साधारण मासा अंगाची लाट करून पुढे जातो. याला लाट करायला अंग नीट वाकवताच येत नाही. म्हणून रोजचं काम तो दोन मोठ्या वक्षपरांनी करतो : वल्ही मारल्यासारखं थोडं पुढे, मग खाली टेकून बसणं, मग पुन्हा थोडं पुढे. अगदीच गळ्याशी आलं तर शेपटीचा एखादा झटका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे याला वाताशय नाही. बऱ्याच माशांच्या पोटात हवेची पिशवी असते आणि तिच्या जोरावर ते पाण्यात अधांतरी राहतात. याच्याकडे ती नाहीच. थांबला की खाली जातो. म्हणून लेकीला सांगा, "बुडतो. बुडालेलाच असतो. तळ हेच त्याचं घर आहे."

---

कागदी_होडी

तळशोध, हे वाचून दाखवलं. तिचं म्हणणं : "मग त्याला मासा का म्हणायचं?" यावर माझ्याकडे उत्तर नाही.

---

मोजपट्टी

कल्ले आहेत, पर आहेत, पाठीचा कणा आहे. पोहण्याची परीक्षा कुणी ठेवलेली नाही.

---

शंकेखोर

तळशोध, पहिल्या वाक्यात काय चुकलं ते राहिलं. चिलखत असूनही मोठे मासे खातात असं म्हणायचंय का? मग अंगावर हाडांचं ओझं वागवायचं तरी कशाला? निसर्ग असा उधळपट्टी करत नाही.

---

तळशोध

खातात. कॉड, हॅडॉक, हॅलिबट यांच्या पोटात ॲलिगेटरफिश सापडलेले आहेत. कॉड चावत बसत नाही, तोंड उघडून आख्खा आत घेतो. त्याच्यापुढे कसलं चिलखत.

पण समुद्रात सगळेच काही कॉड नसतात. तोंड लहान असलेल्या माशाला, खेकड्याला, चोचीने टोचणाऱ्या पक्ष्याला हा घास कठीण जातो. बाकीचे काय खातात तेही बघा. याच्या शेजारी त्याच वाळूत मऊ किडे आहेत, कोळंबी आहे, बिनचिलखती मासे आहेत. वाघापेक्षा जोरात पळायला लागत नाही, सोबत्यापेक्षा जोरात पळता आलं की पुरतं, तसलाच प्रकार. फक्त इथे पळण्याऐवजी घशात टोचणं आहे.

निसर्ग उधळपट्टी करत नाही म्हणता, तर या माशाने किंमत चांगलीच मोजलेली आहे. वेग गेला, लवचिकपणा गेला, पाण्याच्या मधल्या थरात जाणं गेलं. आता तो तळ सोडू शकत नाही. चिलखत दिसलं की आपल्याला लढवय्या आठवतो, पण हा कधीच लढत नाही. माझ्या मते हे चिलखत बसून राहणाऱ्याचं आहे. ज्याला पळायचंच नाही त्याने दार जाड करून घेतलंय.

---

शंकेखोर

"दार जाड" पटलं. पण मग रंग? एवढं जाड दार असेल तर लपायची गरज काय? फोटोंत तर सगळे वाळूच्या रंगाचे दिसतात.

---

ओहोटी

लपण्याबद्दल मी सांगते. मी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर डायव्हिंग करते. तिथलं पाणी दहा अंशांच्या आसपास, ड्रायसूट घातला तरी अर्ध्या तासाने बोटं बधिर होतात. एकदा रात्री खडकाच्या उभ्या भिंतीवर टॉर्च मारत चालले होते. (हो, चालले म्हणजे पोहत.) भिंतीवर स्पंज, लाल शेवाळ, हायड्रॉइड या बारीक जीवांची झुडपं, इंचभर जागा मोकळी नाही. त्यातला एक लालसर तुकडा सरकला.

लाटेने हलला असेल म्हणून मी दुर्लक्ष केलं. पण बाकीचं सगळं डावीकडे हलत होतं आणि हा तुकडा उजवीकडे. टॉर्च तिरपा धरला तेव्हा डोळा दिसला. एकच, सोनेरी कडेचा. मग डोळ्याभोवती हळूहळू मासा जुळत गेला : टोकदार नाक, उंच पाठ, आणि अंगावर खरोखरचा स्पंज आणि शेवाळ उगवलेलं. नुसता रंग नाही हो, जिवंत झाडोरा. वक्षपरांच्या खालच्या काड्या बोटांसारख्या सुट्या करून तो त्या भिंतीला धरून चढत होता. एक बोट उचलायचं, टेकवायचं, मग दुसरं.

हा केल्प पोचर. जेमतेम आठ-नऊ सेंटीमीटर. मी त्याच्याकडे दहा मिनिटं बघत होते, तेवढ्यात तो साधारण माझ्या तळहाताएवढं अंतर गेला. जोडीदाराने हवा संपत आल्याची खूण केली म्हणून निघाले. पुन्हा वळून बघितलं तर सापडला नाही. होता तिथेच असणार.

याचं शास्त्रीय नाव मोझिनोई असं संपतं. १७९२ मध्ये स्पॅनिश मोहिमेबरोबर इथल्या नूटका साउंड या खाडीत आलेल्या होसे मारियानो मोसिन्यो या निसर्गअभ्यासकाचं नाव आहे ते. तो मेक्सिकोचा. माशाचं नामकरण मात्र विसाव्या शतकात झालं.

शंकेखोर, म्हणजे चिलखत आणि वेषांतर ही दोन वेगळी कुलुपं नाहीत. खडबडीत कठीण अंग असल्यामुळेच त्यावर झाडोरा धरतो. गुळगुळीत, बुळबुळीत माशावर स्पंज कशाला बसेल?

---

चहाटळ

दहा मिनिटांत तळहातभर. आमच्या हापिसातल्या फायली याहून सावकाश जातात, पण त्यांच्यावरही शेवाळ धरतं.

---

काचघर

ओहोटीताई, डोळ्यापासून मासा जुळत गेला हे वाचताना अंगावर काटा आला.

मी मत्स्यालयवाला, त्यामुळे माझा चष्मा वेगळा. गोड्या उबदार पाण्यात आम्ही कोरिडोरास पाळतो. त्यांच्याही अंगावर हाडांच्या चकत्या असतात, प्रत्येक कुशीवर दोन ओळी. समुद्रघोडा आणि नळीमासा यांचं अंग हाडांच्या कड्यांचं. बॉक्सफिश तर चक्क पेटीच. यातलं कुणीही पोचरचं जवळचं नातेवाईक नाही. खवले टाकून हाडाची पाटी बसवायची ही युक्ती माशांनी पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या घराण्यांत काढलेली आहे.

एक फरक लक्षात घ्या. कोरिडोरास तळावर असला तरी मधूनच पृष्ठभागावर झेप घेऊन हवेचा घोट घेतो. पोचरला तसली घाई कधीच नाही. थंड पाण्यात प्राणवायू भरपूर विरघळतो आणि थंडीमुळे शरीराची मागणीही कमी. असल्या संथ गिऱ्हाइकाला थंड समुद्र परवडतो.

कुणी विचारण्याआधीच सांगतो : घरच्या टाकीत ठेवायचा विचार करू नका. पाणी सतत थंड ठेवणारं यंत्र, खारं पाणी, आणि जिवंत बारीक खाणं, तेही त्याच्या तोंडापुढे नेऊन. चपळ मासे सोबत असले तर हा उपाशी मरतो, कारण हा घासापर्यंत पोचेस्तोवर ताट रिकामं झालेलं असतं. मोठ्या सार्वजनिक मत्स्यालयांत थंड पाण्याच्या वेगळ्या टाक्या असतात, तिथेच बघावा.

---

जुनीपाने

उशिरा आलो. या धाग्यावर एक गंमत कुणी काढली नाही याचं आश्चर्य वाटतं. या थंड पाण्याच्या माशाचा आणि भारताचा एक संबंध आहे, फक्त तो चुकून जुळलेला आहे.

उत्तर अटलांटिकमध्ये, ग्रीनलंडपासून खाली अमेरिकेतल्या केप कॉडपर्यंत, एक ॲलिगेटरफिश मिळतो. पेन्सिलीसारखा बारीक, पाठीवर दोनऐवजी एकच पर. त्या एका परावरून नाव मोनोप्टेरिजियस. हे नाव दिलं बर्लिनच्या मार्कुस एलिझर ब्लॉखने, १७८६ मध्ये. ब्लॉख पेशाने डॉक्टर. वयाची चाळिशी उलटल्यावर माशांच्या नादी लागला आणि बारा खंड, ४३२ रंगीत चित्रं असा अवाढव्य ग्रंथ काढून मोकळा झाला. जगभरातून त्याच्याकडे मासे यायचे, दारूत बुडवलेले नाहीतर वाळवलेले.

हा ॲलिगेटरफिश कुठून आला म्हणून ब्लॉखने काय लिहिलं असेल? ट्रांकेबार! म्हणजे तमिळनाडूच्या किनाऱ्यावरचं तरंगंबाडी. बंगालच्या उपसागरातलं उबदार पाणी. तिथे हा मासा एक दिवस जगणार नाही.

ब्लॉख ट्रांकेबारवर विश्वास ठेवायला तयार का होता हेही समजण्यासारखं आहे. तिथल्या मिशनमधला ख्रिस्तोफ सॅम्युएल जॉन हा पाद्री त्याला खरोखरच मासे पाठवत असे, आणि भरपूर. ढोमा ज्या गटात येतो त्या जॉनियस प्रजातीचं नाव ब्लॉखने याच जॉनच्या सन्मानार्थ ठेवलंय. म्हणजे ट्रांकेबारच्या बरण्या बर्लिनमध्ये नेहमीच्याच. त्यात एक परकी बरणी मिसळली असावी.

आता माझा तर्क, पुरावा म्हणून घेऊ नका. ट्रांकेबार तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं, १६२० पासून ते थेट १८४५ मध्ये इंग्रजांना विकेपर्यंत. आणि ग्रीनलंडही डेन्मार्कच्याच ताब्यात. दोन्हीकडची जहाजं कोपनहेगनलाच लागणार. एका धक्क्यावर ग्रीनलंडची पेटी, शेजारी ट्रांकेबारची. कुणीतरी चिठ्ठी चुकवली.

गंमत पुढे आहे. १८०१ मध्ये फ्रान्समध्ये लासेपेद या निसर्गअभ्यासकाने या माशासाठी नवी प्रजाती काढली, ॲस्पिडोफोरॉइडिस, आणि माशाला जातिनाम दिलं ट्रांकेबार! चूक आता गावाच्या नावासकट पक्की झाली. आधीचं नाव टिकतं या नियमाने ब्लॉखचं जुनं नाव टिकलं आणि लासेपेदचं जातिनाम पर्यायी नावांच्या अडगळीत गेलं. पण प्रजाती अजून त्याचीच आहे. ॲस्पिस म्हणजे ढाल, फोरोस म्हणजे वाहणारा. ढाल वाहणाऱ्यासारखा.

ज्या तरंगंबाडीने हा मासा कधी पाहिला नाही, तिचं नाव शास्त्रीय याद्यांत त्याच्याखाली आजही छापलं जातं.

---

कागदी_होडी

जुनीपाने, हा प्रतिसाद म्हणजे वेगळा धागा व्हायला हवा होता. संग्रहालयातल्या चिठ्ठ्यांकडे आता मी संशयाने बघणार.

---

शंकेखोर

तर्क बरा आहे, पण दुसरी शक्यताही आहे. चिठ्ठी धक्क्यावर कशाला, बर्लिनमध्येच चुकली असेल. ज्याच्याकडे शेकडो बरण्या येतात त्याच्या टेबलावर काय गोंधळ असेल! बिचाऱ्या जहाजांवर कशाला आळ?

---

जुनीपाने

मान्य. माझ्या स्वतःच्या टेबलाकडे बघून हे जास्त पटतं.

---

मोजपट्टी

थोडं वर्गीकरण, कारण मूळ धाग्यात ते एका ओळीत उरकलं आहे. होडीताई, राग नसावा.

पूर्वीच्या पुस्तकांत हे कुल विंचूमाशांच्या गणात असे. आता त्यांना पर्सिफॉर्मिस गणात, स्कल्पिन नावाच्या तळमाशांच्या गोतावळ्यात ठेवतात. जुन्या हिशोबाने यात पन्नासेक जाती. अलीकडे डीएनएच्या आधारे काहींनी सी-रेव्हन वगैरे माशांची मंडळीही याच कुलात घेतली आहेत, आणि त्यांच्या अंगावर असं चिलखत नाही. म्हणजे चिलखत ही कुलाची ओळख होती ती आता कुलातल्या एका शाखेची झाली. जुनी पुस्तकं आणि नवी संकेतस्थळं यांचे आकडे जुळत नाहीत ते यामुळे. भांडू नका.

कोनांचं वेड बघा. आर्क्टिकमधल्या लेप्टॅगोनसचं जातिनाम डेकॅगोनस, दहा कोनांचा. आणि होक्काइदोमध्ये सेलफिन पोचरला बाजारात 'हाक्काकु' म्हणतात, म्हणजे सरळ 'अष्टकोन'. तिकडे तो खातात. शास्त्रज्ञ आणि कोळी दोघांनीही माशाकडे बघून कोनच मोजले. त्याचं दुसरं जपानी नाव 'तोकुबिरे', खास परांचा. नराचे पाठीवरचे आणि पोटाकडचे पर एवढे मोठे असतात की पसरले की मासा दुप्पट उंच दिसतो. वीतभर म्हणताना हा अपवाद धरा, हा हातभर लांबीच्या जवळ जातो. ड्रॅगन पोचरही चाळीस सेंटीमीटरच्या घरातला.

आणखी एक. उत्तरेत एवढी गर्दी असताना अगोनॉप्सिस चिलोएन्सिस हा पोचर मात्र चिली-अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाकडे राहतो. त्याचे सख्खे भाऊबंद अलास्का ते बाहा कॅलिफोर्निया पट्ट्यात. मधल्या उष्ण पाण्यात यांच्यातलं कुणीही नाही. कधीतरी पूर्वज मधलं पाणी ओलांडून गेले असणार, खोलवरच्या थंड थरातून किंवा हवामान थंड असताना. न पोहणाऱ्या माशाने विषुववृत्त ओलांडलं, हे मला ट्रांकेबारपेक्षा जास्त चक्रावून टाकतं.

---

शंकेखोर

आता हे पटवून द्या. दहा मिनिटांत तळहातभर जाणारा मासा एका खंडाच्या टोकाला कसा पोचला?

---

तळशोध

मोठा मासा जात नाही, पिल्लं जातात. पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा त्याच्या अंगावर चिलखत नसतं. पारदर्शक, इवलंसं, मोठाले वक्षपर पसरून ते प्लवकात (पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांत) तरंगत राहतं आणि प्रवाह नेईल तिकडे जातं. चकत्या नंतर धरतात, मग ते तळाला जातं आणि तिथून पुढचं आयुष्य तिथेच. म्हणजे फिरण्याचे दिवस लहानपणीच संपतात. पिढ्यानपिढ्या असं थोडं थोडं सरकत गेलं तर अंतर कापलं जातंच.

अंड्यांचंही सांगून टाकतो. पॉगची मादी केल्प या मोठ्या समुद्री शेवाळाच्या बुडाशी अंडी घालते. केल्पला खरी मुळं नसतात, खडकाला धरून ठेवणारा एक गुंतवळा असतो, त्याच्या बेचक्यांत हे अंड्यांचे पुंजके. दोन हजारांच्या वर असू शकतात. आणि ती फुटायला लागतात दहा-अकरा महिने! वीतभर माशाची अंडी जवळपास वर्षभर त्या गुंतवळ्यात. वादळात केल्प उपटून किनाऱ्याला लागला तर आतल्या अंड्यांचा खेळ संपला.

---

ओहोटी

दहा-अकरा महिने! हे मला माहीत नव्हतं. पुढच्या वेळी केल्पच्या बुडाशी टॉर्च मारताना जपून.

---

काचघर

जाता जाता एक आवाजाचं. चहाटळने पहिल्याच प्रतिसादात विचारलं होतं, आवाज नाही का होत म्हणून. थट्टेत विचारलं, पण प्रश्न खरा निघाला.

रॉकहेड नावाचा एक छोटा पोचर आहे, अलास्का ते कॅलिफोर्नियाच्या ओहोटीच्या पट्ट्यात, जेमतेम नऊ सेंटीमीटरपर्यंत. याच्या डोक्यावर मधोमध एक खोल खड्डा असतो, आइसक्रीमच्या चमच्याने कवटी कोरून काढावी तसा. प्रजातीचं नावच बोथ्रॅगोनस, त्यातलं बोथ्रोस म्हणजे खड्डा. हा खड्डा कशासाठी, यावर बराच काथ्याकूट झाला. अलीकडे लुइझियाना स्टेट विद्यापीठात मायक्रो-सीटीने (अतिबारीक क्ष-किरण स्कॅनने) याची कवटी तपासली तेव्हा एक वेगळीच मांडणी पुढे आली : खड्ड्याच्या खालच्या बाजूला पहिल्या फासळ्या रुंद, चपट्या आणि हलत्या आहेत, आणि मासा त्या कवटीवर आपटून ढोल वाजवत असावा. लाटा फुटत असतात तिथे पाण्यातून हाक पोचणं कठीण, त्यापेक्षा खडकातून थरथर पाठवलेली बरी.

अजून ही कल्पनाच आहे, पण असले मासे न कापता आत बघता येतात ही मोठी सोय झालीय. अमेरिकेतल्या फ्रायडे हार्बरच्या प्रयोगशाळेत ॲडम समर्स या मत्स्यशास्त्रज्ञांनी तर जगातले सगळेच मासे स्कॅन करायला घेतले होते. पोचरचं स्कॅन एकदा बघाच. मांस गायब, उरतो तो नुसता जाळीदार सांगाडा, आणि त्यातल्या कुठल्या हाडाला आतलं म्हणायचं आणि कुठल्या बाहेरचं, तेच कळत नाही.

---

चहाटळ

म्हणजे मी बरोबर होतो. चिलखत घालून चोरी करायला निघाला आणि वर डोक्यावर ढोल.

मराठी नाव ठरवा राव कुणीतरी. 'पोचर' म्हटलं की मला वनखात्याची आठवण येते. 'चिलखत्या'?

---

मोजपट्टी

'चिलखत्या' चालेल. 'अष्टकोन्या' नको, शेपटीकडे सहाच कोन आहेत.

---

जुनीपाने

'तरंगंबाडकर'.

---

कागदी_होडी

:) जुनीपाने, पुरे.

तळशोध, एक शेवटचं. लेकीने विचारलंय : त्या टेबलावर जो पहिला सापडला, त्याचं पुढे काय केलंत?

---

तळशोध

मोजला. बारा सेंटीमीटर. वहीत आकडा लिहिला आणि अजून हलत होता म्हणून लगेच कठड्यावरून परत सोडला. बाकीचे मासे सोडले की क्षणभर पृष्ठभागावर गोंधळतात, गोल फिरतात, मग खाली जातात. हा एकदाही वळला नाही. पर फाकवलेले, अंग ताठ, खिळा पडावा तसा सरळ खाली. पाणी गढूळ होतं, त्यामुळे हातभरच दिसला.

---

कागदी_होडी

सांगितलं तिला. संपादनाची मुदत उलटल्यामुळे मूळ लेखात आता बदल करता येत नाही. तरी तिथे "बिनधास्त पोहत असावेत" असं जे लिहिलंय, ते वाचकांनी कृपया "बिनधास्त बसत असावेत" असं वाचावं. दुरुस्ती लेकीची आहे.